नाखविणीचा ओटला

गेल्या महिन्यात नवघरच्या नाक्यावर एक बॅनर लागला. वर पुढाऱ्यांची डोकी, खाली कार्यकर्त्यांची, आणि मधोमध आमच्या बिल्डिंगमधल्या नाखविणीचा फोटो. पांढरे केस, कानात वरपासून खालपर्यंत सोनं, तोंड उघडं. कुणावर तरी ओरडतेय. खाली मजकूर : 'परप्रांतीयांनी घर सोडायला लावलेल्या भूमिकन्येला भावपूर्ण श्रद्धांजली.'

तो फोटो आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाचा आहे. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. भाषणात 'आपलं हे भाईंदर गाव' असं म्हणालो आणि ती समोरून उठून ओरडली, "कुनाचं गाव?" मूळ फोटोत ती ज्याच्यावर ओरडतेय तो माणूस तिच्यासमोर माईक धरून उभा आहे. बॅनरवर मला कापलंय.

बॅनर लावणारा प्रथमेश आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी त्याला जिन्यात गाठलं.

"काका, बघितलात? आजी एकदम फायर वाटतेय ना?"

"तिला घर सोडायला कोणी लावलं असं तुला वाटतं?"

"वाटतं काय? सगळ्या नवघरला माहितीये. पर्युषणात माशाचा वास आला म्हणून त्या चेअरमन मेहताने तिचा विहिरीभोवतीचा ओटला तोडला. आपल्याच गावात आपल्याच बाईवर ही वेळ."

"मेहतांनी नाही तोडला."

"मग कोणी?"

मी सांगितलं. जिन्यातच, उभ्याउभ्या. तो हातातल्या हेल्मेटची पट्टी ओढत ऐकत होता. मग म्हणाला, "काका, हे आत्ता नका बोलू कुठे. वातावरण काय आहे बघताय ना. तुम्ही आपले आहात."

दुसऱ्या बाजूची गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर फिरतेय. 'वो आजी बहुत झगडालू थीं, अपनी मर्जी से गईं.' त्याच्याखाली हात जोडलेली चित्रं.

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. खरी गोष्ट पहिल्या दिवसापासून ज्यांना ठाऊक होती त्यातला आता मीच उरलोय. माझंही वय झालं. म्हणून लिहितो.

तिचं नाव हिराबाई. नवरा नाखवा, म्हणजे स्वतःच्या होडीचा मालक, म्हणून ती नाखवीण. नाखवा मी पाहिला नाही. खाडीकाठचं त्यांचं शेत बिल्डरने घेतलं, त्या बदल्यात तळमजल्याचा एक फ्लॅट दिला आणि शब्द दिला की शेतातली विहीर आणि तिच्याभोवतीचा ओटला तसाच राहील. बिल्डिंग उभी राहिली, नाखवा गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन घोडबंदर रोडवरच्या चेण्याला गेली. विहिरीच्या तोंडावर लोखंडी झाकण बसलं. ओटला मात्र राहिला. काळ्या दगडाचा, गोल, मांडीइतका उंच, बरोबर गेटमधून आत वळायच्या जागी. आमच्या सोसायटीची अर्धी भांडणं त्या वळणावर झाली.

परळची खोली विकून मी सामान घेऊन आलो त्या दिवशी टेम्पो तिथेच अडला. ओटल्यावर एक बाई दातांना मशेरी लावत बसलेली. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात काढून घेतला. सावकाश चूळ भरली, पदराला तोंड पुसलं, विहिरीच्या झाकणावरचा पितळी तांब्या उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"पी."

मी प्यालो.

"आता बोल. कुठचा तू?"

"परळचा."

"परलच्या आधी?"

"जन्म परळचाच माझा."

"आनि बापूस?"

"रत्नागिरीकडचे."

"मंग तसं बोल ना. पाव्हना."

मला राग आला. आयुष्यभर मुंबईत काढून, मराठी माणसाला मराठी माणसानेच पाहुणा म्हणावं? मी म्हटलं, "मावशी, मी मराठीच आहे. तुमच्यासारखाच."

"माज्यासारका?" तिने मला वरून खाली पाहिलं. "पोहता येतं?"

"नाही."

"आज भरती कवा हाय?"

"काय माहीत."

"मंग?" ती म्हणाली आणि टेम्पोवाल्याकडे वळली. "ए, तू मागं घे. पुडं घेशील तं विहिरीत जाशील. मंग सगल्यांनी तुजं पानी प्यायचं का?"

ती कुणालाच नावाने हाक मारत नसे. माणूस जिथून आला ते त्याचं नाव. मी रत्नांग्री. चेअरमन मेहता पालनपूर. दुसऱ्या मजल्यावरचे शेट्टी मंगलूर, त्यांच्या समोरचे मास्तर सातारा, वॉचमन जौनपूर, वरच्या मजल्यावरची नर्स कोट्टायम. कोट्टायम हे नाव तिला नीट म्हणता यायचं नाही, पण त्या बाईकडून चार वेळा म्हणवून घेऊन ती ते शिकली होती. संध्याकाळी ती ओटल्यावर बसली आणि माणसं कामावरून परतायला लागली की गेटपाशी सगळा देश हजेरी लावतोय असं वाटायचं. "काय रं जौनपूर, झोपला व्हतास ना?" "मंगलूर, तुजा नल गलतोय." "रत्नांग्री, पोट सुटलं तुजं."

आम्ही मराठी लोक तिच्या मागे म्हणायचो, बाई आपल्यालाही त्यांच्यातच मोजते. हे आम्हाला फार लागायचं. 'त्यांच्यात' म्हणजे कुणात हे सांगावं लागत नसे. भाजीवाल्याशी हिंदीत बोलायचं, मेहतांच्या घरचा प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि दार लावून घेतलं की 'हे लोक फार वाढलेत' म्हणायचं, असं आमचं चाललेलं. एकदा गेटवर मी केळीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होतो. ती ओटल्यावरून म्हणाली, "रत्नांग्री, बायकोशी तरी मराठीत भांडतोस ना?" केळीवालाही हसला. त्याला मराठी कळत होतं.

माणसांबद्दल तिचं एक मत होतं आणि ते ती ऐकवल्याशिवाय राहत नसे. "गाव म्हंजे खाडी. भरतीला काय पन येतं. लाकडं येतात, नारल येतात, मेलेली कुत्री येतात. ओरडून काय व्हनार? ओहोटीला जे ऱ्हायलं ते आपलं. बाकी पाव्हनं." आता यात आम्ही लाकूड की नारळ की तिसरं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

पण एक होतं. आधी पाणी, मग शिव्या. गॅसवाला, पोस्टमन, वीज मीटरवाला, भांडायला आलेला शेजारी, कोणीही असो, आधी तांब्या पुढे यायचा. पुढे विहिरीचं पाणी खराब झालं, मग ती घरचं पिण्याचं पाणी तांब्यात भरून ठेवायची. "पाव्हना हाय. पानी द्यायला लागतं," ती म्हणायची. हे ती मायेने करत नव्हती. घर आपलं आहे हे दुसऱ्याला कळावं म्हणून करत होती. तिच्या हातचं पाणी पिताना आपण कुणाच्या तरी दारात उभे आहोत हे कळायचंच.

सोसायटीत गाड्या वाढल्या आणि लढाई पेटली. कुणीतरी ओटल्याला खेटून गाडी लावायचा. सकाळी सीटवर खवले. बोंबलाचे नाहीत, मोठ्या जिताड्याचे, रुपयाएवढे, ऊन लागून चिकटलेले. मेहतांच्या नव्या गाडीच्या काचेवर एकदा तिने खवल्यांची ओळ लावली, दाराला तोरण लावावं तशी. मेहता खाली आले.

"मासी, ये क्या है? हमारे घर में बा है, मेरी माँ. उनको कितना दुख होता है."

ती म्हणाली, "पानी पी पालनपूर. मंग गाडी काड."

ते पाणी प्याले नाहीत. तिने तो तांब्या त्यांच्या गाडीच्या टायरवर ओतला.

जनगणनेचे मास्तर आले तो दिवस मला आठवतो. कुठल्या तरी शाळेतले, उन्हाने लाल झालेले, गळ्यात ओळखपत्र. तिने पाणी दिलं. मास्तरांनी कागद उघडला.

"आजी, नाव सांगा."

"तू कुठचा?"

"मी साताऱ्याकडचा. नाव सांगा, आजी."

"अजून एक सातारा. मंग तू मना मोजनार? पाव्हन्यानं घरवाल्याला मोजायचं?"

"सरकारी काम आहे, आजी."

"मंग लिव. तलमजल्यावर मी. येकटी. इथली. वर सगलं पाव्हनं. लिवलं?"

"आजी, असा रकाना नाहीये."

"न्हाय ना? मंग तुजा कागदच चुकीचा हाय," असं म्हणून ती उठून आत गेली. शेवटी तिची माहिती मी सांगितली. मातृभाषा मराठी, असं मी सांगितलं तेव्हा आतून ओरडली, "त्याची ती माजी न्हाय. माजी येगली."

तिला आवडणारी माणसं दोनच. एक मेहतांची आई, जिला सगळे बा म्हणत. नाखव्याची होडी पूर्वी गुजरातच्या बंदरांपर्यंत जायची, त्यामुळे नाखविणीला गुजराती उत्तम यायची. संध्याकाळी बा काठी टेकत खाली यायची आणि दोघी ओटल्यावर पाठीला पाठ लावून बसायच्या. समोरासमोर नाही, कारण बा म्हणायची तुझ्या तोंडाला माशाचा वास येतो, आणि नाखवीण म्हणायची तुझ्या तोंडाला हिंगाचा. तासभर एकमेकींकडे न बघता भांडायच्या. अंधार पडला की नाखवीण तिला हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडायची. लिफ्टमध्ये कधी गेली नाही.

दुसरी जिनल, मेहतांची नात. ती झाली तेव्हा बारशाच्या आधी तिला खाली आणलं. नाखविणीने विचारलं, "जलम कुठं झाला?" मेहतांची सून म्हणाली, "इथेच, स्टेशनच्या बाजूला हॉस्पिटल आहे ना, तिथे." नाखविणीने पोरीला मांडीवर घेतलं. मग तांब्यात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाली, "मंग ही इथली." सबंध बिल्डिंगमध्ये तिने नावाने हाक मारली ती एकट्या जिनलला. माझ्या मुलाचा जन्म परळचा. त्याला ती शेवटपर्यंत 'रत्नांग्रीचा' म्हणाली.

हे सगळं आधी सांगावं लागलं, कारण यानंतर जे झालं ते याशिवाय कळायचं नाही.

पर्युषण लागलं होतं. श्रावणाचे शेवटचे दिवस. बाने आठ दिवसांचा उपास धरला होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. माझी बायको सुमती श्रावण कडक पाळते. ती त्या आठवड्यात बहिणीकडे ठाण्याला गेली होती. दुपारी घरात मी एकटा. वरच्या डब्यात सुके बोंबील होते. पावसाळ्याआधी आगोटीला नाखवीण गच्चीवर बोंबील वाळवायची आणि मासे खाणाऱ्या प्रत्येक घरी एकेक पुडकं पोचवायची. त्यातलंच ते. किती दिवस आमटी-भातावर काढायचे? खिडक्या लावल्या आणि गॅसच्या जाळावर दोन बोंबील भाजले.

ज्याने भाजले असतील त्याला माहीत आहे, खिडक्या लावल्याने काही होत नाही. तो वास दाराखालून जातो, जिन्यात उभा राहतो, लिफ्टमधून वरखाली करतो. मी दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात वरून आरडाओरडा. बाला उलटी झाली होती. पोटात काही नसलेली उलटी.

मी ताट स्वयंपाकाच्या ओट्याखाली सरकवलं. साबणाने हात धुतले, मग लिंबू चोळलं, आणि सेक्रेटरी म्हणून खाली गेलो.

ओटल्याभोवती माणसं जमली होती. नाखवीण मधे बसलेली. मेहतांचा चेहरा पांढरा पडला होता. "मासी, आज के दिन? बा को कुछ हो जाता तो?"

नाखविणीने पहिल्यांदा विचारलं, "बा कशी हाय?"

"आपने मच्छी बनाया क्या? हां या ना, बस इतना बोलो."

तिने नाकाने एकदा हवा ओढली. मग घोळक्यावरून नजर फिरवत माझ्यापाशी आली आणि थांबली. नाखवीण श्रावण पाळायची. गणपती बुडेपर्यंत तिच्या घरात म्हावरं शिरत नसे. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी सगळ्यांबरोबर तिच्याकडे बघत होतो, सेक्रेटरीने बघावं तसं, गंभीरपणे.

"केलं," ती म्हणाली. "माज्या घरात केलं. कुनाच्या बापाला इचारून करू?"

दुसऱ्या दिवशी मेहतांनी मला बोलावून सांगितलं की बात वाढवायची नाही, तिने बाची माफी मागितली की संपलं. निरोप घेऊन मी गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, माफी मागून टाका. काय जातं?"

तिने सूप खाली ठेवलं. "तू सांग ना, रत्नांग्री. तू जाऊन सांग काय ते."

"मी काय सांगणार?"

"मंग जा," ती म्हणाली.

मग सभा बोलावली. ओटला पाडून तिथे पार्किंग करायचं ही मागणी जुनीच होती, आता तिला निमित्त मिळालं. पण ठराव येता येता मेहताच अडखळले. ही गोष्ट आज कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितोय. ते म्हणाले, "बा कहती है, हीरा इस महीने में खाती ही नहीं. कुएँ को हाथ लगाना भी मेरे मन को ठीक नहीं लगता." आणि मग ते माझ्याकडे वळले. "आप तो मराठी हो. आपको मालूम होगा. ये लोग श्रावण में मच्छी खाते हैं क्या?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मराठीसुद्धा.

मी म्हणालो, "कोळी लोग हैं. इनका कुछ बोल नहीं सकते."

एवढंच. हिंदीत बोललो. माझं म्हणणं सगळ्यांना समजावं म्हणून.

मेहतांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते प्रमाणपत्र एका मराठी माणसाने दिलं होतं. हात वर झाले. मासे खाणाऱ्यांचे हात सगळ्यात आधी गेले, शेट्टी, मास्तर, कोकणातले आम्ही तिघं. आपल्या घरातून वास येत नाही हे प्रत्येकाला दाखवायचं होतं. मेहतांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला आणि कोपरात वाकलेला होता.

ओटला पाडायला ब्रेकर घेऊन माणसं आली तेव्हा मी वर खिडकीत उभा होतो. सुमती परत आली होती, आत होती. नाखवीण घरातून बाहेर आली. मला वाटलं आता ती विहिरीवर आडवी पडेल, पोलीस बोलवावे लागतील. तिने विहिरीच्या झाकणावर एक नारळ ठेवला, हात जोडले, आणि बाजूला झाली. ब्रेकर चालवणारा पोरगेला माणूस घाबरून थांबला होता.

"कुठचा तू?"

"मालदा, माई. बंगाल."

"लांबचा हाय." तिने त्याला तांब्या दिला. तो प्यालेला पाहिला. "आता कर तुजं काम."

पहिला दगड निघाला तेव्हा ती आत गेली. विहीर बुजवायला राडारोड्याचे डंपर आले. वर फरशी झाली, पांढऱ्या पट्ट्या मारल्या, जागांच्या चिठ्ठ्या काढल्या. तिच्या बसण्याच्या जागी आज माझ्या मुलाची गाडी उभी असते.

त्यानंतर ती बाहेर बसली नाही. बसायला जागाच नव्हती. कुणाला हाक मारली नाही. गेटमधून आत येताना आता आपण फक्त आत यायचो, कुठून आलो ते कोणी विचारत नव्हतं. बा काही दिवस काठी टेकत खाली आली, मोकळ्या फरशीकडे बघून परत गेली, मग यायची थांबली. दिवाळीनंतर चेण्याहून नाखविणीची मुलगी टेम्पो घेऊन आली. सामान फार नव्हतं. तो टेम्पो गेटमधून कुठेही न अडता वळला.

सुमतीला मी दोन बोंबलांची गोष्ट सांगितली ती फार नंतर. त्या रात्रीपासून आमच्या घरात सुका मासा आला नाही, एवढंच.

बा गेली, मेहतांनी फ्लॅट विकून बोरिवली धरली. बिल्डिंगला रंग लागला. दोन उन्हाळ्यांपूर्वी मला छातीचा त्रास झाला, हॉस्पिटलमधून परत आलो आणि ठरवलं की चेण्याला जायचं. घोडबंदर रोडला बसमधून उतरून चालत गेलो. ऊन असं होतं की डांबर चपलेला धरत होतं. मुलीचं घर कौलारू, पण मागच्या शेतात निळे पत्रे उभे राहिलेले आणि त्यावर टॉवरचं चित्र.

नाखवीण दारात सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसली होती. ठोकळे तिनेच तसे रचून घेतले असावेत. बाजूला झाकण घातलेला माठ. डोळे बारीक झाले होते, पण कानातलं सोनं तेवढंच होतं.

"रत्नांग्री," ती म्हणाली. "पोट उतरलं तुजं."

मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं. "मावशी, त्या दिवशीचे बोंबील माझे होते."

"तुजे कसले? माजेच व्हते. मीच वालवलेले. मना वास कलला न्हाय व्हय?" ती जराशी हसली. "हाताला लिंबू चोलून आलास. लिंबू म्हावऱ्याला लावतात रं, मानसाला न्हाय."

"मग तुम्ही 'नाही' का नाही म्हणालात?"

"न्हाय बोल्ली असती तं त्या दिवशी सुटली असती. मंग दुसऱ्या दिवशी पुन्ना इचारायला आले असते. माज्या दारात येऊन माज्या चुलीवर काय हाय ते इचारायचं, आनि मी सांगायचं? येकदा उत्तर दिलं की दर वक्ताला द्यायला लागतं."

"मी बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावर सिमेंटचा मोठा मिक्सर थांबला. ड्रायव्हर उतरून आला, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. नव्या साइटचा रस्ता विचारत होता.

"कुठचा तू?"

"भागलपूर, माई."

"भागलपूर. हे नवीन हाय," ती स्वतःशी म्हणाली. मग आत बघून हाक मारली, "अगो, पानी आन."

मुलगी दोन ग्लास घेऊन आली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली आणि एक ग्लास माझ्यापुढे केला. नाखविणीने मधेच हात घालून तो घेतला.

"त्याला नको," ती म्हणाली. "पानी पाव्हन्याला देतात. ह्यो आपला हाय."

दोन्ही ग्लास तिने ड्रायव्हरला दिले. तो मान मागे टाकून, ओठांना न लावता, वरून धार धरून प्यायला. ती त्याच्याकडे बघत होती, पाणी घशातून उतरताना पूर्वी आम्हा सगळ्यांकडे बघायची तशी. रिकामे ग्लास तिने हातात घेतले, माठावरचं झाकण नीट बसवलं, आणि ते दोन्ही ग्लास झाकणावर उपडे ठेवले.